गेंड्याचा वाडा

१९४९ साली उत्तर ऱ्होडेशियाच्या विधिमंडळातल्या एका गोऱ्या सदस्याने एका तरुण आफ्रिकी शिक्षकाला दुभाषा आणि सल्लागार म्हणून हाताशी घेतले. सदस्याचे वय सहासष्ट, नाव लेफ्टनंट कर्नल सर स्ट्युअर्ट गोर-ब्राउन. शिक्षक होता पंचविशीतला, चिन्सालीजवळच्या लुब्वा मिशनमध्ये वाढलेला; नाव केनेथ कौंडा. पंधरा वर्षांनी त्या वसाहतीचा झांबिया झाला, शिक्षक त्या देशाचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला, आणि कर्नलसाहेब आपल्या जुन्या दुभाषाच्या राज्यात, सरोवराकाठच्या आपल्या वाड्यातच राहिले. १९६७ साली ते वारले तेव्हा नव्या सरकारने त्यांचा अंत्यविधी सरकारी इतमामात केला. कौंडा स्वतः भाषणाला उभे राहिले. वसाहतवादाशी झगडून सत्तेवर आलेल्या पक्षाने एका इंग्रज जमीनमालकाला असा मान द्यावा, हे त्या काळच्या आफ्रिकेत सहसा घडत नव्हते.

‘साहेब मनाने चांगला होता’ एवढ्या उत्तरावर या गोष्टीची बोळवण करता येत नाही. साहेब तापट होते. कामात कुचराई दिसली की हात उचलत, प्रसंगी छडीही चालवत. आसपासच्या बेम्बा लोकांनी त्यांना ‘चिपेम्बेले’ म्हणजे गेंडा हे नाव ठेवले होते, ते उगीच नव्हे. हाच गेंडा विधिमंडळात मात्र वर्णभेदाविरुद्ध बोलायला उभा राहायचा, आणि इतर गोरे सदस्य जागच्या जागी चुळबुळत बसायचे. या दोन गोष्टींना वेगवेगळ्या खणांत ठेवून त्यांचे आयुष्य वाचण्याचा मोह होतो. पण हात उगारणारा मालक आणि आफ्रिकी माणसांची बाजू मांडणारा आमदार, दोघेही एकाच समजुतीतून आले होते. ज्याच्या हाती जमीन आणि अधिकार आहे त्याने आपल्या माणसांचे पाहिले पाहिजे, ही ती समजूत. ती त्यांना बरीच पुढे घेऊन गेली, आणि एका टप्प्यावर तिनेच त्यांचा घात केला.

गोर-ब्राउन यांच्याकडे वंशपरंपरागत किताब नव्हता. ते लॉर्ड नव्हते. ‘सर’ झाले तेही १९४५ साली, स्वतःच्या कामगिरीवर. पण ज्या वर्गात ते जन्मले तो वर्ग साम्राज्याचा कारभार पाहणाऱ्यांचा होता. आजोबा न्यूझीलंडचे आणि नंतर टास्मानियाचे गव्हर्नर. वडील नामांकित बॅरिस्टर. कंपनी कायद्यावरचा त्यांचा ग्रंथ आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. स्वतः स्ट्युअर्ट हॅरोमध्ये शिकले आणि सैन्यात गेले. घराण्याकडे प्रतिष्ठा होती. मोठा पैसा मात्र होता तो आत्याकडे.

ही आत्या, एथेल लॉक किंग, या कथेतले दुसरे मोठे पात्र. तिचे यजमान ह्यू लॉक किंग यांनी १९०७ साली इंग्लंडमध्ये ब्रुकलँड्सचा मोटारशर्यतींचा मार्ग स्वतःच्या जमिनीवर, स्वतःच्या पैशाने बांधला. उद्‌घाटनाच्या मिरवणुकीत सर्वांत पुढे होती ती एथेलची मोटार. तिला मूल नव्हते आणि भाच्यावर तिचा अतोनात जीव. भाचाही तिला आयुष्यभर पत्रे लिहीत राहिला: विटा किती भाजल्या, कोणत्या झाडाला फूल आले, कोणाशी भांडण झाले, किती पौंड कमी पडताहेत. गोर-ब्राउन यांच्याबद्दल जे बारीकसारीक कळते त्यातले बरेचसे या पत्रांमुळे आणि त्यांच्या रोजनिशीमुळे. रॉबर्ट रॉटबर्ग यांचे ‘ब्लॅक हार्ट’ हे १९७७ चे राजकीय चरित्र आणि क्रिस्टिना लॅम्ब यांचे १९९९ चे ‘द आफ्रिका हाउस’ ही दोन्ही पुस्तके याच कागदांवर उभी आहेत. एक गोष्ट मात्र वाचताना ध्यानात ठेवावी. ही पत्रे पैसे पुरवणाऱ्या आत्याला लिहिलेली आहेत. त्यामुळे त्यांत पुढचे वर्ष नेहमीच बरे जाणार असते.

१९११ ते १९१४ या काळात गोर-ब्राउन बेल्जियन काँगो आणि उत्तर ऱ्होडेशिया यांच्यातली हद्द आखणाऱ्या आयोगावर होते. ते काम संपवून परतताना त्यांना डोंगरांच्या कुशीतले शिवा न्गान्दू हे सरोवर दिसले. त्या नावात मगर आहे, आणि मगर हे बेम्बांच्या राजकुळाचे चिन्ह. शोधप्रवासी लिव्हिंगस्टन १८६७ च्या जानेवारीत याच मुलखातून गेला होता. त्याचा चिटाने नावाचा लाडका कुत्रा इथल्याच पाण्यात बुडाला. गोर-ब्राउन यांनी सरोवर पाहिले आणि तिथेच घर बांधायचे ठरवले. मध्येच महायुद्ध पेटले. फ्रान्सच्या आघाडीवरून ते जिवंत परतले, डीएसओचे पदक मिळवून, आणि १९२० साली पुन्हा आफ्रिकेला निघाले. मुलूख तेव्हा ब्रिटिश साउथ आफ्रिका कंपनीच्या ताब्यात होता. कंपनीला गोरे शेतकरी हवेच होते, त्यामुळे जमीन स्वस्तात मिळाली. इस्टेट पुढे वाढत तेवीस हजार एकरांच्या घरात गेली. तिथे आधीपासून वावरणाऱ्या लोकांना ही खरेदी-विक्री कोणी विचारून केली नव्हती, हे सांगायला हवे.

सर्वांत जवळचे रेल्वे स्टेशन एन्डोला, सुमारे चारशे मैलांवर. तिथून सामान लुआपुला नदीने, मग बांगवेउलूच्या दलदलीतून होडग्यांनी, आणि शेवटचा टप्पा हमालांच्या डोक्यावरून. एकेका फेरीला तीनेक आठवडे लागत. वाडा याच वाटेने आला. म्हणजे काच, बिजागऱ्या, पुस्तके, चिनी मातीची भांडी आणि वाईनच्या बाटल्या या वाटेने आल्या. बाकी सगळे जागेवर घडवले. माती कालवून विटा पाडल्या, कौले भाजली, जंगलातली लाकडे कापून वासे आणि दारे केली. ज्यांनी ही कामे केली त्यांतल्या बहुतेकांनी मजल्यांचे घर कधी पाहिलेले नव्हते, आणि मालकानेही कधी बांधलेले नव्हते. गवंडी, सुतार, लोहार असे सगळे तिथेच शिकून तयार झाले. दहाएक वर्षे बांधकाम चालू होते. तयार झाली ती लाल विटांची, मनोरा असलेली हवेली. समोर घड्याळाचे प्रवेशद्वार, उतारावर पायऱ्यापायऱ्यांची बाग, सरूची झाडे, आणि वरच्या मजल्यावर ग्रंथालय. ग्रंथालयातल्या शेकोटीवर होरेस या रोमन कवीची ओळ कोरलेली आहे. इस्टेटीवर शाळा, दवाखाना, टपालकचेरी, दुकान आणि कामगारांसाठी विटांची कौलारू घरे होती. मराठी वाचकाला एखाद्या संस्थानी गावाची आठवण होईल: वाडा मध्ये, बाराबलुतेदार भोवती, आणि न्यायनिवाडा वाड्याच्या ओसरीवर.

संध्याकाळी साहेब पोशाख करून जेवायला बसत. वाढपी गणवेशात असत. कित्येकदा टेबलावर पाहुणा एकही नसे.

हे सगळे चालवायला पैसा कुठून यायचा? रस्ता नाही, रेल्वे नाही, अशा ठिकाणी मका पिकवून विकणे म्हणजे मक्यापेक्षा हमालीच महाग. त्यामुळे वजनाला हलके आणि किमतीला भारी असेच काही काढायला हवे होते. गोर-ब्राउन सुगंधी तेलांकडे वळले ते या हिशेबाने. आंबट संत्री, लिंबे, निलगिरी, गवती चहा, जिरेनियम असे नाना प्रयोग झाले. भट्टीत फुलापानांतून वाफ सोडायची, ती थंड करायची, पाण्यावर तरंगलेले तेल अलगद काढून घ्यायचे. आंबट संत्र्याच्या फुलांपासून नेरोली हे अत्तरवाल्यांचे आवडते तेल निघते, पण किलोभर तेलासाठी जवळजवळ टनभर फुले लागतात. कळ्या उमलण्याच्या दिवसांत बायामुले पहाटेपासून झाडांखाली असत. दुसऱ्या महायुद्धात युरोपातून येणारा माल अडकला, भाव चढले, आणि वाड्याने पहिल्यांदाच बरे दिवस पाहिले. ते टिकले नाहीत. युद्धानंतर ट्रिस्टेझा या विषाणूने बागा पोखरल्या. मावा किडीबरोबर पसरणारा हा रोग विदर्भातल्या संत्रा बागायतदारांनाही चांगलाच ठाऊक आहे. झाड हिरवेच असते, मग पाने पिवळी पडतात, फांद्या शेंड्याकडून वाळत जातात, आणि काढून टाकण्यावाचून इलाज उरत नाही. गोर-ब्राउन मग गुराढोरांकडे वळले. आत्याचे पैसे मात्र तिच्या हयातीत कधी पूर्ण थांबले नाहीत. १९५६ साली ती वारली.

इस्टेटीबाहेर त्या मुलखाचे काय चालले होते हेही पाहिले पाहिजे, नाहीतर वाडा हवेत तरंगताना दिसेल. बेम्बांची शेती ‘चितेमेने’ पद्धतीची: पुरुषांनी झाडावर चढून फांद्या तोडायच्या, त्या गोलात रचून जाळायच्या आणि राखेत नाचणी पेरायची. वसाहत सरकारने झोपडीमागे कर वसूल करायला सुरुवात केली आणि तो रोखीनेच हवा होता. रोकड मिळायची ती मुख्यतः खाणींवर. अनेक गावांतले निम्म्याच्या आसपास पुरुष कॉपरबेल्ट या तांब्याच्या खाणींच्या पट्ट्यात नाहीतर बेल्जियन काँगोतल्या काटांगाला गेले. मग फांद्या तोडणार कोण? मानववंशशास्त्रज्ञ ऑड्री रिचर्ड्स यांनी १९३९ च्या आपल्या ग्रंथात बेम्बांच्या उपासमारीची ही साखळी उलगडून दाखवली आहे. अशा मुलखात घरापासून चालत जाऊन मजुरी मिळेल अशी जागा म्हणजे शिवा न्गान्दू. तिथे माराची भीती होती, तशी औषधपाण्याची सोयही होती. लोक तिथे राहिले ते साहेबांवरच्या प्रेमापोटी, असे समजण्याचे कारण नाही. आणि केवळ नाइलाजाने, असे म्हणणेही तितकेच भाबडे ठरेल.

घरातले आयुष्य याहून कठीण गेले. तरुणपणी गोर-ब्राउन यांचे लॉर्ना नावाच्या मुलीवर प्रेम होते. तिने दुसऱ्याशी लग्न केले. वीस वर्षांनी त्यांना तिची अनाथ झालेली मुलगी भेटली. तिचेही नाव लॉर्ना. १९२७ साली त्यांनी तिच्याशी लग्न केले, तेव्हा ती अठरा वर्षांची होती आणि ते चव्वेचाळीस. दोन मुली झाल्या; थोरलीचे नाव पुन्हा लॉर्नाच. एवढी हौस असलेल्या घरात त्या तरुण बायकोने किती वर्षे काढावीत? १९५० साली घटस्फोट झाला. या बाईंच्या बाजूने हा वाडा कसा दिसत असेल, याचा विचार वाचकाने अधूनमधून जरूर करावा.

१९३५ साली गोर-ब्राउन विधिमंडळात निवडून आले आणि १९३८ पासून ‘आफ्रिकी हितसंबंधांचे प्रतिनिधी’ म्हणून नियुक्त झाले. लाखो आफ्रिकी माणसांच्या वतीने बोलायला एक गोरा जमीनदार, अशी ती व्यवस्था होती. पण मिळालेली खुर्ची त्यांनी मनापासून वापरली. कॉपरबेल्टवर १९३५ आणि १९४० च्या संपांत आफ्रिकी खाणकामगारांवर गोळीबार झाला होता. परवाने दाखवल्यावाचून आफ्रिकी माणसाला शहरात फिरता येत नसे. गोऱ्यांच्या दुकानात त्याला आत पाऊल टाकता येत नसे. बाजूच्या भिंतीतल्या खिडकीतून पैसे द्यायचे आणि कागदात गुंडाळून बाहेर येईल ते घ्यायचे. मांस तर काय बांधले आहे हे न पाहताच घ्यावे लागे. या खिडकीच्या निषेधार्थ कौंडांनी पुढे मांसाहार कायमचा सोडला. गांधींचा प्रभाव त्यांच्यावर होताच, पण शाकाहाराचे तात्कालिक कारण ही खिडकी होती.

गोऱ्या वसाहतवाल्यांना गोर-ब्राउन खुपत. त्यांच्यापुढे उभा ठाकलेला नेता होता रॉय वेलेन्स्की: रेल्वेत इंजिन चालवणारा, कधीकाळचा मुष्टियोद्धा, गोऱ्या कामगारांचा पुढारी. १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात बिनसरकारी सदस्यांचे नेतृत्व गोर-ब्राउन यांच्याकडून वेलेन्स्कींकडे गेले. गोऱ्या खाणकामगाराला वर्णभेद हवा होता, कारण तोच त्याच्या पगाराचा कोट होता. आफ्रिकी माणसाला तेच काम शिकू दिले तर आपली गरज संपेल, हे त्याला दिसत होते. गोर-ब्राउन यांना ही भीती कधी शिवलीच नाही. त्यांचे स्थान कोणी आफ्रिकी फिटर हिरावून घेणार नव्हता. सरदारी वृत्तीच्या या माणसाला गोरा इंजिन ड्रायव्हर आणि बेम्बा मुकादम दोघेही सारख्याच अंतरावर दिसत, आणि खासगीत बहुधा मुकादमच अधिक सभ्य वाटे. त्यांच्या उदारमतवादाची मुळे समतेपेक्षा या उच्चवर्गीय बेफिकिरीत अधिक खोल गेलेली आहेत. म्हणून तो खोटा ठरत नाही. पण तो कुठे अडणार, हे त्यावरून कळते.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांच्याकडे एक वेगळे खाते आले: युद्धनिर्वासित आणि त्यांच्या छावण्या. सोव्हिएत संघातून सुटून इराणमार्गे बाहेर पडलेली हजारो पोलिश बायकामुले तेव्हा जगभर विखुरली. त्यांतली पाचेक हजार कोल्हापूरजवळ वळिवड्याला आली, हे आपल्याकडे अनेकांना माहीत आहे. त्याच लोंढ्यातली काही कुटुंबे लुसाका, अबरकॉर्न, फोर्ट जेम्सन इथल्या छावण्यांत पोहोचली आणि तिथे त्यांचा कारभार शिवा न्गान्दूच्या कर्नलसाहेबांकडे होता. कंगाल, अनवाणी युरोपियन बायका आपल्या झोपड्यांसारख्याच झोपड्यांत राहताना आफ्रिकी लोकांनी पाहिल्या. गोऱ्या कातडीच्या दबदब्यावर उभ्या असलेल्या राज्याला हे दृश्य सोयीचे नव्हते.

मग आले १९४८. गोर-ब्राउन यांनी वसाहतीला जबाबदार राज्यपद्धती द्यावी, लंडनहून चालणारा कारभार आवरता घ्यावा, अशी मागणी केली. वसाहतीच्या फाळणीची कल्पनाही ते अधूनमधून मांडत: लोहमार्गालगतचा, खाणींचा आणि गोऱ्या शेतांचा पट्टा एकीकडे, उरलेला आफ्रिकी मुलूख दुसरीकडे. त्यांच्या डोक्यात कदाचित हे आफ्रिकी हिताचे असेल. आफ्रिकी नेत्यांना मात्र साधा हिशेब कळत होता: लंडन दूर झाले की सत्ता स्थानिक गोऱ्यांच्या हाती जाणार, आणि तांबे ज्या बाजूला तीच बाजू गोऱ्यांना मिळणार. आमच्या वतीने बोलणाऱ्याने आम्हाला आधी विचारले का, हा प्रश्न उघड उभा राहिला. वीस-पंचवीस वर्षे इस्टेटीवर कोणाला न विचारता सगळ्यांचे भले ठरवणाऱ्या माणसाला तो प्रश्नच अनोळखी होता. विश्वास गेला. १९५१ साली त्यांनी जागा सोडली.

इथे बहुतेक गोऱ्या उदारमतवाद्यांची गोष्ट संपते. रुसून शेतावर, नाहीतर दक्षिण आफ्रिकेला, नाहीतर इंग्लंडला परत. गोर-ब्राउन रुसले थोडे, पण थांबले. १९५३ साली गोऱ्यांनी लादलेले मध्य आफ्रिकी संघराज्य आले आणि दहा वर्षांत कोसळले. त्या काळात कौंडांना तुरुंगवास झाला, बंदी घातलेल्या पक्षाच्या जागी ‘युनिप’ हा नवा पक्ष उभा राहिला, आणि म्हातारे कर्नल त्या पक्षात गेले. १९६२ च्या निवडणुकीत, एकोणऐंशीव्या वर्षी, ते युनिपचे उमेदवार म्हणून उभे राहिले. हरले. गोऱ्या मतदारांकडून दुसरे काही अपेक्षित नव्हते. चौदा वर्षांपूर्वी त्यांना हव्या असलेल्या तोडग्यात आफ्रिकी बहुमताला जागा नव्हती; आता ते त्याच बहुमताच्या पक्षाचे साधे सभासद होते आणि पुढारी होता त्यांचा जुना दुभाषा. मत बदलले असे माणसे सहज सांगतात. इथे दर्जाही बदलला होता, आणि तो त्यांनी स्वीकारला.

२४ ऑक्टोबर १९६४ ला झांबिया स्वतंत्र झाला. पूर्व आफ्रिकेतल्या केनियात गोऱ्या जमीनदारांचा प्रश्न वेगळ्या रीतीने सुटत होता. ऑगस्ट १९६३ मध्ये नाकुरू इथे केनियाचे नेते जोमो केन्याटांनी गोऱ्या शेतकऱ्यांना राहण्याचे आवाहन केले होते. काहींनी जमिनी विकल्या, काही राहिले. राहिलेल्यांत सर्वांत मोठे नाव डेलामिअर घराण्याचे, एल्मेंटेटा सरोवराकाठच्या सोयसांबू इस्टेटीचे मालक. १९४१ साली लॉर्ड एरल यांच्या खुनाने गाजलेल्या विलासी गोऱ्या टोळक्याशी त्या घराण्याचे नाव जोडले गेले होतेच. २००६ साली घराण्याच्या वारसाने झाडलेल्या गोळीने एक आफ्रिकी माणूस मेला. २००९ मध्ये त्याला सदोष मनुष्यवधाबद्दल आठ महिन्यांची कैद झाली आणि ही शिक्षा किती अपुरी, यावर केनिया पेटून उठला. स्वातंत्र्यानंतर चाळीस वर्षांनीही तो खटला एका माणसाचा राहिला नाही. जमीन कोणाची, हा जुनाच वाद कोर्टात उभा राहिला. शिवा न्गान्दूची जमीनही तशीच मिळवलेली होती. फरक पडला तो मालकाने शेवटच्या वीस वर्षांत जे केले त्याने, आणि झांबियात गोऱ्या शेतकऱ्यांची संख्या मुळात कमी होती त्याने. दुसरे कारण चरित्रकारांना कमी आवडते, पण त्याचे वजन कमी नाही.

स्वतंत्र झांबियात गोर-ब्राउन तीनच वर्षे जगले. दक्षिणेकडच्या ऱ्होडेशियातल्या गोऱ्यांनी नोव्हेंबर १९६५ मध्ये एकतर्फी स्वातंत्र्य जाहीर केले, झांबियाचा इंधनाचा मार्ग तुटला, आणि वाड्याजवळून जाणारा ग्रेट नॉर्थ रोड एकाएकी देशाची जीवनवाहिनी बनला; दार-ए-सलामहून तेलाची पिंपे घेऊन येणारे ट्रक चिखलातून त्याच रस्त्याने येत. एकेकाळी जिथे पोहोचायला होडगी आणि हमाल लागत तिथून आता देशाचे पेट्रोल जात होते. ऑगस्ट १९६७ मध्ये कासामाच्या रुग्णालयात, चौऱ्याऐंशीव्या वर्षी, ते वारले. सरोवर दिसेल अशा टेकडीवर त्यांना पुरले.

पुढे काही वर्षांनी चिनी अभियंत्यांनी बांधलेली ताझारा रेल्वे याच भागातून गेली. वाडा मुलगी आणि जावई सांभाळत होते. १९९२ साली त्या दोघांची हत्या झाली. त्यानंतरच्या दहा वर्षांत छप्पर गळू लागले, ग्रंथालयातल्या पुस्तकांना वाळवी लागली, कागदपत्रे पेट्यांतून कुजू लागली. २००१ नंतर एका नातवाने कुटुंबासह तिथे राहायला येऊन दुरुस्ती काढली. इस्टेटीवर आता वन्यप्राणी राखले जातात आणि खर्चाची तोंडमिळवणी पाहुण्यांच्या भाड्यातून होते. आत्या नसल्यामुळे हिशेब बसवावाच लागतो. येणाऱ्यांतले बरेच जण वाड्यावर एक चक्कर मारून जवळच्या कापिश्याच्या गरम पाण्याच्या झऱ्यांकडे वळतात.